गोळीतला चहा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "सिस्टर, हलकंफुलकं काहीतरी द्या. इंजेक्शनला घाबरणारे पुरुष, बाळंतपणातल्या गमती. तुमच्याकडे काय तोटा?" तोटा नाहीच. दंडावर वाघ गोंदवून घेतलेला आणि सुई बघताच आडवा झालेला एक गृहस्थ मी स्वतःच्या हातांनी उचलून खाटेवर घातलेला आहे. पण लिहायला बसले की हात फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतो, आणि ती हलकीफुलकी नाही. त्या गोष्टीत घाबरलेलं माणूस पेशंट नव्हे, मी आहे. तेव्हा संपादकांनी मला माफ करावं.

मी तीस वर्षं नर्स होते. देवगड तालुक्यातलं एक छोटं धर्मादाय हॉस्पिटल, वीस खाटा, एक डॉक्टर, आम्ही तिघी सिस्टर. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. नर्सचं काम म्हणजे सुया टोचणं आणि डॉक्टर सांगतील तसं वागणं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम विचारण्याचं. डॉक्टरसमोर माणूस धुतलेले कपडे घालून यावं तसं धुतलेलं बोलतो. दारू "कधीतरी", तंबाखू "सोडलीच आता", आणि जेवण "व्यवस्थित". आमच्यापाशी येऊन तोच माणूस खरं सांगतो, कारण आम्ही त्याच्याच बोलीत विचारतो आणि त्याचा काका कोण हे आम्हाला ठाऊक असतं.

डोकं धरून आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. "चाय कितके?"

लोक हसायचे. आमच्याकडे चहा कुणी मोजत नाही. उठल्यावर कोरा, मग दुधाचा, कुणी आलं की त्याच्याबरोबर, कुणी आलं नाही म्हणूनही. पण या एका प्रश्नावर मी एका निवृत्त गुरुजींचा जीव वाचवला, असं ते स्वतः सांगत फिरायचे. गुरुजींनी साठीच्या दिवशी घरात जाहीर केलं की आजपासून चहा बंद. तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला लागलं, डोळे उघडवेनात, जेवण तोंडात जाईना. आपला शेवट आला असं समजून त्यांनी मुंबईच्या दोन्ही मुलग्यांना बोलावून घेतलं आणि हापूसची कलमं कुणाला किती हे अंथरुणातून सांगायला सुरुवात केली. धाकट्याला विहिरीजवळची दिली म्हणून थोरला रुसला. अशा अवस्थेत त्यांना आमच्याकडे आणलं. मी प्रश्न विचारला, त्यांच्या बायकोनं उत्तर दिलं, डॉक्टर हसले आणि कपभर चहा मागवला. तासाभरात गुरुजी उठून बसले आणि कलमांची वाटणी मागे घेतली.

त्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून मला हे प्रकरण समजावलं होतं. मेंदू दिवसभर काम करतो तसतसं त्यात एक द्रव्य साचत जातं, त्याचं नाव अ‍ॅडेनोसिन. त्याला बसायला मेंदूत ठरलेल्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तिथे ते जाऊन बसलं की मेंदूला कळतं, दमलास, आता थांब. चहाकॉफीत जे कॅफिन असतं ते दिसायला त्याच्यासारखंच. ते आधी येऊन त्या जागा अडवतं आणि निरोप मात्र काहीच देत नाही. आपल्याकडे देवगड स्टँडवर लोक एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात ना, अगदी तसं. माणूस दमलेला असतो, पण त्याला ते कळत नाही.

"पण मेंदू हुशार असतो," डॉक्टर म्हणाले. "रोज रुमाल पडतात म्हटल्यावर तो सीटाच वाढवतो. म्हणून पूर्वी दोन कपांत येणारी तरतरी पुढे सहा कपांतही येत नाही. आणि एक दिवस चहा बंद झाला, की वाढवलेल्या सगळ्या सीटा एकदम मोकळ्या. अ‍ॅडेनोसिन धावत येऊन सगळीकडे बसतं. डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, ठणका लागतो, मळमळतं, झोप येते, माणूस रडवेला होतो."

"मग यावर उपाय?"

"घोटभर चहा, नाहीतर धीर. आठवडाभर कळ काढली तर मेंदू जादाच्या सीटा आपण होऊन काढून टाकतो. औषधच लागत नाही."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

शेवंती आमच्याकडे आली ती भर दुपारी, रिक्षातून, डोक्याला ओढणी घट्ट आवळून. कुणकेश्वरच्या बाजूचं गाव तिचं. वय पन्नाशीचं, काजूच्या फॅक्टरीत बिया फोडायला जायची, अंगानं दणकट. बरोबर नवरा भिकाजी. तो फार बोलणारा नव्हता, पण त्या दिवशी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "तीन दिस झाले, शिष्टर. पोटात काय ठरणा नाय. उजेड बघवना नाय. मेंदूत रक्त बिक्त झाला काय?"

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून बघितली, हातपाय हलवायला लावले. सगळं ठीक. मी माझा प्रश्न विचारला.

"सोडलंय," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"आधी कितके?"

"धा. बारा. फॅक्टरीत किटलीच आसता."

मी डॉक्टरांकडे बघितलं. दोघांनाही गुरुजी आठवले. मी हसून म्हटलं, "मगे घे गो कपभर. आता मागयतंय." तशी ती ताडकन उठून बसली आणि दोन्ही हातांनी तिनं तोंड झाकलं.

मग भिकाजीनं सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा गुरुनाथ तेलाच्या जहाजावर खलाशी म्हणून लागला होता. पहिलीच सफर. त्याचं जहाज अशा समुद्रातून जाणार होतं की जिथे जहाजांवर हल्ले होत असल्याच्या बातम्या रोज टीव्हीवर दिसत होत्या. शेवंतीनं टीव्ही बंद करून ठेवला आणि देवाला सांगून टाकलं, गुरुनाथ घरच्या उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत चहा तोंडाला लावणार नाही. तिच्यापाशी दुसरं सोडण्यासारखं काय होतं? दागिना एक मंगळसूत्र, ते सोडायचं नसतं. मासे सोडले तर नवऱ्याचेही हाल. चहा तिच्या एकटीचा होता.

"सांगलंय ता सांगलंय," ती म्हणाली. "झीलाक काय झाला तर मी कोणाक तोंड दाखवू?"

डॉक्टर नाराज झाले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. मग आठवडाभर सहन करावं लागेल. पाणी भरपूर प्या, साधी पॅरासिटामॉल देऊ. कमी होईल, पण एकदम नाही जाणार. सिस्टर, जरा बसवून समजावा यांना." एवढं बोलून ते झाडावरून पडलेल्या एका पेरलीकडे धावले. पेरली म्हणजे आंबे काढणारा गडी. सीझनमध्ये असे रोज एकदोन येतातच.

समजवायला मी बसले होते, हे खरं. पण बाहेर रांग लागली होती, ती उलट्या करत होती, भिकाजी हात जोडून उभा होता आणि माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. समोर दुखणं दिसलं की ते मला तिथल्या तिथे थांबलेलं हवं असतं. लोक याला माया म्हणायचे. मला आता तसं वाटत नाही.

ड्रॉवरमध्ये डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी होती. कुठल्याही दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी. त्यात अ‍ॅस्पिरिन असतं, आणि ते लवकर लागू पडावं म्हणून कॅफिनही असतं. म्हणजे शेवंतीच्या मेंदूला जे हवं होतं नेमकं तेच. मी एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं ती लगेच गिळली नाही. उलटसुलट करून बघितली. "हेच्यात चाय बी नाय मां?"

"चाय खंयची गो? औषद ता."

तिनं गोळी घेतली. अर्ध्या तासात डोक्याची ओढणी सुटली. ती भिंतीला टेकून बसली, पेज मागून घेतली आणि माझ्याकडे बघून हसली. भिकाजीनं मला वाकून नमस्कार केला. मी एका चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून दिलं आणि म्हटलं, "दुखला तर एक घे." किती दिवस ते सांगितलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

चौथ्या दिवशी भिकाजी एकटाच आला. दाराशी उभा राहिला. "शिष्टर, जहाजाचो काय पत्तो लागणा नाय. कंपनीत फोन केलंय. म्हणतत, संपर्क नाय."

तो मला का सांगायला आला होता कुणास ठाऊक. बहुधा तालुक्याच्या गावात ओळखीचं कुणी नसेल. मी त्याला धीर दिला, पाणी दिलं. तो गेल्यावर मात्र मी ड्रॉवर उघडून त्या पट्टीची मागची बाजू पुन्हा वाचली. मी देवधर्म करणारी बाई नव्हे. अंगात येणाऱ्या बायकांना मी अमोनिया हुंगवून जाग्यावर आणलेलं आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, तिचा नवस मी मोडला, आणि तिकडे मुलाचं जहाज हरवलं. ही मूर्खपणाची समजूत आहे हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून काही उपयोग झाला नाही. माझी पाचावर धारण बसली.

आता हसाल, पण मी काय केलं सांगते. मी स्वतःचा चहा सोडला. देवाला काही बोलले नाही, बोलायची लाज वाटली. नुसता सोडला. तिच्याऐवजी माझा धर, असा काहीतरी व्यवहार मनात असावा. मी दिवसाला सात-आठ कप पिणारी. दुसऱ्या दिवशी कपाळाच्या आत कुणीतरी करवंटी घासतंय असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी एका म्हातारीवर विनाकारण ओरडले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकी वर्षं "चहाची डोकेदुखी" म्हणून ज्या दुखण्याला मी हसत होते ते असं असतं हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी भिकाजीचा फोन आला. जहाज दुसऱ्या वाटेनं वळवलं होतं. पोरगा सुखरूप होता, बोललासुद्धा. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायले. शेवंतीची आठवण पुढच्या आठवड्यात पुसटली. कामाच्या रगाड्यात सगळंच पुसटतं.

सात महिन्यांनी तिला परत आणलं, ते चौघांनी उचलून.

मी तिला ओळखलं नाही. चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ पांढरे, नखं पांढरी. चार पावलं चालली की धाप. फॅक्टरीत उभ्या उभ्या कोसळली होती. शौचाला डांबरासारखं काळं होतं असं भिकाजीनं खालच्या आवाजात सांगितलं. काळं म्हणजे पोटात रक्त वाहतंय. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं, ओरोसच्या जिल्हा हॉस्पिटलमधून रक्ताच्या पिशव्या आणायला गाडी सोडली. "कुठल्या गोळ्या घेते का ही?"

भिकाजीनं कापडी पिशवी उघडून टेबलावर उपडी केली. रिकाम्या पट्ट्यांचा ढीग पडला. माझ्या अक्षरातली ती चिठ्ठीही त्यात होती, घडीवर घडी घालून मऊ झालेली.

"रोज किती?" डॉक्टर.

"आधी एक घेय. मागीर दोन. आता चार, कधी पाच. नाय घेतल्यान तर डोक्या उठता. ती म्हणता, ह्या गोळयेनच माझो नवस राखलो."

सगळं एका क्षणात समोर उभं राहिलं. आठवडाभर कळ काढली असती तर तिच्या मेंदूनं जादाच्या सीटा काढून टाकल्या असत्या. डोकं आपण होऊन शांत झालं असतं. मी तसं होऊच दिलं नाही. गोळीतलं कॅफिन रोज येऊन रुमाल टाकत राहिलं, सीटा तशाच राहिल्या, वाढल्या. एका गोळीनं भागेना म्हणून दोन, दोननं भागेना म्हणून चार. आणि प्रत्येक गोळीबरोबर अ‍ॅस्पिरिन तिच्या पोटाला कुरतडत होतं.

"कुणी लिहून दिली ही गोळी?" डॉक्टरांनी विचारलं.

नर्सच्या कामात अशी एक वेळ येते की गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नसतं. चिठ्ठीवर सही नव्हती. भिकाजी भीतीनं इतका खचला होता की तो काही बोललाच नसता. माझी निवृत्ती वर्षावर आली होती.

"मी दिली," मी म्हटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आधी तिला वाचवू."

रक्त चढलं. पोटाच्या जखमेवरची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी ती थोडी बोलायला लागली, आणि त्याच दुपारी चादर बदलताना मला तिच्या उशीच्या अभ्र्यात गोळ्यांची पट्टी सापडली. दोन गोळ्या कमी होत्या. भेटायला आलेल्या तिच्या वहिनीकडून लपवून मागवून घेतली होती. डॉक्टरांनी बंद सांगितलेली असताना, पोटात जखम वाहत असताना तिनं त्या घेतल्या होत्या.

"शेवंती, मरशीत गो तू हेनी!"

"गोळी नाय घेतलंय तर डोक्या फुटात. डोक्या फुटला तर मी चाय पियान. तुमका म्हायत नाय, शिष्टर. गुरुनाथ परत येवक निघालो. तेच वाटेन. आठ दिसांत येतलो. ह्या आठ दिसांत माझ्याकडना चूक होवक होयी नाय."

मी बाहेर व्हरांड्यात आले आणि डॉक्टरांना हे सांगितलं. तिला ताकीद देऊन उपयोग नव्हता. गोळी हीच तिला नवसाची राखण वाटत होती. ती सोडवायची तर गोळीत काय आहे ते तिला सांगावं लागणार होतं. आणि ते सांगायचं म्हणजे, बाई, तुझा नवस सात महिने रोज चार-चार वेळा मोडत होता, असं सांगायचं. तेही नेमकं मुलगा त्या समुद्रात असताना. न सांगावं तर ती चोरून गोळ्या खाऊन जाईल. सांगावं तर धसक्यानं काय करून घेईल सांगता येत नाही.

"तुम्हीच सांगायला हवं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "मी सांगितलं तर तिला पटणार नाही. गोळी तुम्ही दिलीत."

आयुष्यात मी मेलेल्या माणसांच्या घरच्यांना पुष्कळदा बातमी दिली आहे. पण त्या वॉर्डात तिच्या खाटेपर्यंतची वीस पावलं मी मोजत चालले. स्टूल ओढून बसले. तिचा हात हातात घेतला, मग सोडून दिला, कारण तो धरायचा मला हक्क वाटला नाही.

सरळ सांगितलं. चहात जे असतं, ज्याची डोक्याला सवय लागते, तेच या गोळीत आहे. पहिल्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. माहीत असून मी सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे सात म्हयने मी चाय पियालंय?"

"चाय नाय. पण चायतला ता..."

"पियालंय," तिनंच निकाल दिला. भिंतीकडे तोंड फिरवलं. "शिष्टर, तुमी माका सांगलात कित्याक? माझो झील घराक येयपर्यंत थांबाक काय झाला तुमका?"

मी उठले आणि स्टूल जागेवर ठेवलं.

त्यानंतर तिनं कुठलंच औषध घ्यायचं बंद केलं. चोरून खाण्याची गोष्टच संपली. पोटाच्या गोळ्याही नकोत, डोक्यासाठी साधी पॅरासिटामॉलही नको, सलाईनची सुई काढून टाकू बघायची. "तुमच्या हातचा आता पाणीसुदा नको." भिकाजी समजावून थकला, डॉक्टर समजावून थकले. पोटातलं रक्त थांबलेलं होतं, पण ते पुन्हा केव्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

शेवटी मी औषधांचा सगळा ट्रे तिच्या खाटेवर आणून ठेवला. एकेक पट्टी उचलायची, मागचं बारीक इंग्रजी भिंगातून वाचायचं, प्रत्येक शब्द मालवणीत सांगायचा. हे पोटातलं आंबट कमी करतं. हे लोह, रक्त वाढायला. ही गोळीतली साखर, हा वरचा रंग. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिसऱ्या पट्टीला म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. मग तिनं हात पुढे केला. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी, एकाच पट्टीतली गोळी असली तरी, पहिल्यापासून वाचून दाखवावं लागे. मला ते दिवसातून तीन वेळा करायला काही वाटलं नाही.

डोकं मात्र उठलं. सात महिन्यांपूर्वी जे भोगायचं टाळलं होतं ते व्याजासकट आलं. मी रजा टाकून तिच्या खाटेपाशी बसले. ओल्या फडक्याच्या घड्या बदलायच्या, खिडकीला चादर लावून उजेड अडवायचा, उलटी आली की भांडं धरायचं. दर वेळी भांड्यात काळं दिसतंय का ते बघायचं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. ती कण्हत होती, आणि त्याच दिवशी जहाजाचा ठरलेला फोन आला नाही.

भिकाजी व्हरांड्यात मोबाईल हातात धरून उभा. शेवंती माझ्याकडे एकटक बघत होती. ती काही बोलली असती, शिव्या दिल्या असत्या तर मी सोसलं असतं. ती नुसती बघत होती आणि मला तिच्या नजरेतला प्रश्न वाचता येत होता. विज्ञान शिकलेली, तीस वर्षं नोकरी केलेली बाई मी. मी त्या खाटेपाशी बसून मनातल्या मनात कुणाला तरी म्हणत होते, चूक माझी आहे, त्या पोराची नाही.

फोन पाचव्या दिवशी आला. जहाज बंदराला लागलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन वॉर्डात शिरले तर शेवंती उठून बसली होती. खिडकीवरची चादर तिनं स्वतः काढली होती. "डोक्या गप आसा," ती म्हणाली. चहा नाही, गोळी नाही, काही नाही. मेंदूनं आपलं काम केलं होतं, डॉक्टरांनी त्या चित्रात सांगितलं होतं तसंच. मी भांडी आवरायच्या निमित्तानं बाहेर गेले. मला रडू आवरलं नाही. सहा दिवसांचं तर काम होतं.

गुरुनाथ आला. उंचापुरा, काळा झालेला, हसरा मुलगा. त्याला आईच्या आजारपणाचं कारण "पोटातली जखम" एवढंच ठाऊक होतं. गोळीची खरी गोष्ट शेवंतीनं कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्याखेरीज. मला वाटलं आता माझा आणि या घराचा संबंध संपला. पण पंधरा दिवसांनी भिकाजी निरोप घेऊन आला, देवळात गाऱ्हाणं आहे, शेवंतीनं तुम्हाला यायला सांगितलंय.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे देवाशी बोलायचं ते असं चारचौघांत, मोठ्यानं. गुरव नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो आणि घरच्यांच्या वतीनं सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका आवाजात "होय महाराजा" म्हणतात. मी खांबाच्या आडोशाला उभी राहिले. पुढे शेवंती, अजून फिकटच, तिच्या एका बाजूला भिकाजी, दुसऱ्या बाजूला मुलगा.

"बा देवा महाराजा, तुझ्या लेकरान तुका शबूद दिल्यान, आणि तू तेचो झील सुखरूप घराक आणलंस..."

"होय महाराजा!"

"तो शबूद पाळताना तेच्याकडना नकळत काय चुकला माकला आसात, तर ता पोटात घाल..."

सगळे म्हणाले, "होय महाराजा!" माझे ओठ हलले नाहीत. चुकलं होतं ते तिच्याकडून नकळत. मला सगळं कळत होतं. माझ्यासाठी त्या गाऱ्हाण्यात शब्द नव्हता, आणि पोराला दोन महिन्यांनी पुन्हा त्याच समुद्रात जायचं होतं.

शेवंतीनं मान वळवली. खांबाआडून मला शोधून काढलं. गुरव पुढचं बोलायला तोंड उघडत होता, त्याला तिनं हातानं थांबवलं. आणि माझ्याकडे बघत, एकटीच, सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "होय महाराजा."